चिऊने दार लगेच उघडलं तर

मी अंगणवाडीत आहे, 3 ते 6 वर्षांची पोरं. लोकांना वाटतं खिचडी वाटायची आणि गाणी म्हणायची, पण अर्धा वेळ मोबाईलवर हजेरी, वजन, उंची भरण्यात जातो, रेंज गेली की तेच परत. गोष्ट सांगितली काय न सांगितली काय, वर कुणी विचारत नाही.

त्या दिवशी मात्र भेटीला आलेल्या मॅडम गोष्टीला थांबल्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं चालू होतं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, "चिऊताई चिऊताई, दार उघड!" हे मी कायम एकाच चालीत म्हणते, फरशीवर टकटक करते आणि थांबते, कारण उत्तर पोरांचं असतं. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे." मग अंग पुसू दे, मग तीट लावू दे. दरवेळी आवाज चढतो. लहान मुलांच्या गोष्टींचा खरा जीव यातच आहे, वाक्य तेच आणि बदल एवढासाच, भोपळ्यातली म्हातारीही वाटेत भेटेल त्याला लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन हेच ऐकवते, आणि ज्याला अजून धड वाक्य जुळवता येत नाही तो पोरगाही तिथे सगळ्यांबरोबर मोठ्याने बोलतो.

मॅडम म्हणाल्या, भिजणाऱ्याला बाहेर ठेवणं हा चुकीचा संस्कार, चिऊने लगेच दार उघडलं असं सांगा. सांगितलं. पोरं एकदम गप्प. मग एकजण ओरडला, "नाय ताई, बाळ ओलं हाय अजून!" आणि सगळ्यांनी मिळून मला परत आंघोळीपासून सुरू करायला लावलं. मॅडमना काही ते पटलं नाही. संस्कारांवर ट्रेनिंग देणाऱ्यांनी एकदा तरी पोरांत बसून आख्खी गोष्ट सांगून बघावी.

पण डोक्यातून जात नाहीये ते वेगळंच. सुटताना एक मुलगी जवळ आली, "ताई, आमचं पण घर शेणाचं हाय. ते नाय वाहत." त्यांच्या कुडाच्या भिंती आहेत, आई स्वतः सारवते. म्हटलं, तुझी आई छान सारवते ना, म्हणून. तर म्हणाली, "मग काऊच्या आईनं नव्हतं सारवलं?"

मला उत्तर सुचलं नाही. तीन डुकरांच्या गोष्टीत निदान गवताचं घर बांधणारा कामचुकार असतो, आमच्या काऊने काय केलंय? काहीच नाही, तो फक्त शेणाच्या घरात राहतो. आणि मेणाचं घर वैशाखात टिकलं असतं का, पण गोष्टीत ऊन पडतच नाही, फक्त पाऊस. आंघोळ, तीट, टकटक यातलं मी काही हलवणार नाही. शेणाचं काय करू? शेण-मेण काढलं तर पोरं पहिल्याच ओळीला अडवतील.

काऊ आत आल्यावर पुढे काय होतं ते तर घरोघरी वेगळं सांगतात. त्याला नंतर नवीन घर बांधून देणारी, शेणानेच नीट सारवून देणारी गोष्ट कुणाच्या आजीने सांगितली असेल तर लिहा, मला हवी आहे.