आमची वाटचाल : म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी फिरती पेटी

सावंतवाडीत लाकडी खेळणी बनवणाऱ्या घरांपैकी आमचे एक. प्लास्टिकच्या मालापुढे भातुकली आणि भोवऱ्यांची मागणी ओसरत गेली, तेव्हा लेथवर बसणाऱ्या कारागिरांना वर्षभर पुरेल असे दुसरे काम शोधणे भाग पडले. ते काम म्हाताऱ्या कुत्र्यांमुळे मिळेल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर वडिलांनी हसण्यावारी नेले असते.

धाकटी बहीण पुण्यात पशुवैद्यक आहे. तिच्याकडे येणारी उतारवयातली काही कुत्री रात्री घरभर फिरत राहत, ओळखीच्याच कोपऱ्यात अडकून पडत, बाहेर जाऊनच शू करण्याची आयुष्यभराची सवय विसरत. आणि घरचे लोक ‘आता वय झाले’ म्हणून ते सोडून देत. माणसांच्या अल्झायमरशी साम्य असलेला हा विकार आहे आणि त्यात कुत्र्याच्या मेंदूतही बीटा-अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन साचते. कॅलिफोर्नियातील एका पाहणीत, जी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, अकरा-बारा वर्षांच्या २८ टक्के आणि पंधरा-सोळा वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशा बिघाडाचे किमान एक लक्षण आढळले होते.

यावर खेळण्यांचा काय उपयोग, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर उंदरांच्या प्रयोगांत मिळाले. बर्कली विद्यापीठात १९६०च्या दशकात मार्क रोझेनझ्वाइग, मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर एकेकटे ठेवले आणि काही मोठ्या पिंजऱ्यात सोबती आणि खेळण्यांसह ठेवले. दुसऱ्या गटाच्या मेंदूचा बाह्य थर अधिक जाड झालेला दिसला. मला खिळवले ते एका तपशिलाने. त्या पिंजऱ्यातली खेळणी रोज बदलली जात, पंचवीस वस्तूंच्या साठ्यातून निवडून. पुढे डायमंड यांनी ७६६ दिवसांचे, म्हणजे उंदरांच्या हिशेबाने चांगलेच म्हातारे झालेले नर उंदीर अशा परिसरात ठेवून ९०४व्या दिवशी तपासले, तेव्हा त्यांच्याही मेंदूत वाढ आढळली. कोवळ्या वयात जे शिकले नाही ते म्हातारपणी काय शिकणार, असे आपण सहज म्हणतो. निदान उंदरांनी ते खोटे ठरवले.

आमचा धंदा त्या पंचवीस वस्तूंवर उभा आहे. खेळणे विकले की ते महिनाभरात कुत्र्याच्या अंगवळणी पडते आणि त्यात शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणून आम्ही खेळणी विकत नाही, फिरवतो : सरकती झाकणे, फिरत्या चकत्या, खाऊ दडवायच्या खाचेदार फळ्या अशा वस्तूंची पेटी ग्राहकाकडे जाते, ठरलेल्या मुदतीने परत येते, धुऊन, उन्हात वाळवून आणि कड तपासून दुसऱ्या घरी रवाना होते. सावंतवाडीची ओळख असलेला झगझगीत रंग मात्र इथे पूर्ण वर्ज्य आहे, कारण कुत्रा वस्तू चावणारच. लाकूड कोरेच राहते आणि घासकामावर रंगकामापेक्षा जास्त वेळ जातो. कारागिरांना सुरुवातीला हे अपुरे काम वाटे. दृष्टी मंदावलेल्या कुत्र्यांसाठी वासावर चालणाऱ्या वस्तू आम्ही वेगळ्या काढतो. त्यांना जास्त मागणी आहे.

ग्राहक विचारतात, यामुळे विसरभोळेपणा बरा होईल का? आम्ही तसे सांगत नाही आणि पेटीवर तसे छापतही नाही. मिल्ग्रॅम, हेड, कॉटमन आदी संशोधकांनी म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर दोन वर्षे केलेल्या अभ्यासात सोबती, खेळणी, फिरणे आणि शिकण्याची कामे यांचा फायदा दिसला, जीवनसत्त्वे व फळभाज्या घातलेल्या आहाराचाही दिसला, पण सर्वांत चांगली कामगिरी दोन्ही मिळालेल्या गटाची होती. त्यामुळे पेटी आली म्हणून कुत्र्याला फिरायला नेणे बंद करणाऱ्यांवर माझा रोष असतो. एका गृहस्थांनी तर पेटी आल्यापासून संध्याकाळची फेरी वाचली, असे कौतुकाने कळवले. आता प्रत्येक पेटीसोबत आम्ही रोजच्या चालण्याची नोंदवही पाठवतो, आणि ती कोरी परत आली तर पुढची पेटी पाठवण्यापूर्वी बहीण त्यांना फोन करते.