आमच्या शाळेची सुनावणी

मार्चमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी सहाला आमच्या शाळेच्या जिममध्ये जनसुनावणी ठेवली होती. विषय एकच होता, शाळा पुढच्या वर्षी चालू ठेवायची की बंद करायची. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कायदाच तसा आहे. शाळा बंद करण्याआधी बोर्डाला, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाला, सगळ्या बाजूंनी अभ्यास करून लोकांसमोर यावं लागतं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मी त्या शाळेत पाचवीला गणित आणि विज्ञान शिकवत होते, शिक्षकांसाठीच्या जे-१ व्हिसावर. हा व्हिसा तीन वर्षांचा असतो, फार तर आणखी दोन वर्षं वाढवून मिळतात. राज्याच्या पूर्व भागात, जिथे तंबाखू, कापूस, रताळी आणि डुकरांचे फार्म आहेत, तिथल्या शाळांत माझ्यासारखे भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक बरेच भेटतात. तिकडे नोकरी करायला इथले शिक्षक सहसा तयार होत नाहीत, आले तरी टिकत नाहीत.

त्या दिवशी सकाळीच एक बस चाळीस मिनिटं उशिरा आली. चालक आजारी होता, म्हणून पहिलीच्या वर्गातल्या मदतनीस बाईंनी स्वतःची फेरी संपवून त्याचीही फेरी केली. आमच्याकडे वर्गातले मदतनीसच बहुतेक वेळा बसही चालवतात. त्यामुळे बस अडकली की पहिलीच्या बाई वर्गात एकट्या पडतात आणि वाचनात मागे असलेल्या मुलांचा गट त्या दिवशी बसतच नाही. या राज्यात १९८८ पर्यंत हायस्कूलची मुलंच शाळेच्या बस चालवायची, हे मला त्याच बाईंकडून कळलं. त्यांनी स्वतः सतराव्या वर्षी चालवली होती.

उशिरा आलेल्या मुलांना स्वयंपाकघरातल्या बायकांनी नाश्ता वर्गातच पाठवला. सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतली मुलं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असली, की शाळेतल्या सगळ्यांनाच नाश्ता आणि जेवण मोफत देता येतं. आमचा अख्खा स्कूल डिस्ट्रिक्टच, म्हणजे एका बोर्डाखालच्या सगळ्याच शाळा, त्यात बसतात. कुणाला अर्ज भरावा लागत नाही, कुणाच्या ताटाकडे पाहून त्याची परिस्थिती कळत नाही. इथल्या व्यवस्थेतली ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आमच्याकडच्या वाचकांना इथला कारभार कसा चालतो हे थोडं सांगायला हवं, नाहीतर संध्याकाळी काय झालं ते समजणार नाही. नॉर्थ कॅरोलिनात १०० काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आणि ११५ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी काउंटी तोच डिस्ट्रिक्ट. वर लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं, ते सुपरिटेंडेंट, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं. पण या बोर्डाला कर लावण्याचा अधिकार नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत काउंट्या डबघाईला आल्या तेव्हा शाळा चालवण्याचा खर्च राज्याने उचलला, आणि इमारती काउंटीकडे राहिल्या. आजही ढोबळमानाने तसंच आहे. शिक्षकांचे पगार मुख्यतः राज्याकडून पटसंख्येवर येतात, आणि छप्पर गळलं तर काउंटीच्या कमिशनरांकडे हात पसरावे लागतात. ते कमिशनर वेगळे, त्यांची निवडणूक वेगळी. त्यांचं उत्पन्न मालमत्ता करातून येतं. शेतजमीन आणि जुन्या घरांवर कर लावून किती येणार? शिक्षकांना राज्याच्या पगारावर काउंटीने वरकड द्यायची पद्धत आहे. राज्याची राजधानी रॅली ज्या वेक काउंटीत आहे तिथे ती वर्षाला हजारो डॉलर असते, काही गरीब काउंट्यांत एक डॉलरही मिळत नाही. तासाभराच्या अंतरावर एवढा फरक असेल तर तरुण शिक्षक कुठे जाईल हे सांगायला नको.

याच मुद्द्यावर १९९४ साली हॅलिफॅक्स, होक, रॉबसन, व्हान्स आणि कंबरलँड या पाच काउंट्यांतले पालक आणि बोर्डं राज्याविरुद्ध कोर्टात गेली. लिअँड्रो खटला म्हणून तो ओळखला जातो. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भक्कम मूलभूत शिक्षणाची संधी हा प्रत्येक मुलाचा घटनात्मक हक्क आहे. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने राज्य हा हक्क पुरवण्यात कमी पडतंय हेही मान्य केलं. पैशांचा वाद मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं लढला गेला. खटला दाखल झाला तेव्हा शाळेत असलेल्या मुलांची मुलं आता शाळेत आहेत.

संध्याकाळी साडेपाचपासूनच जिम भरायला लागली. एरवी पालकसभेला दहा-बारा जण येतात. त्या दिवशी शेतावरून थेट आलेले पुरुष होते, कोंबडी प्रक्रिया कारखान्याच्या पाळीवर जायच्या आधी आलेल्या मेक्सिकन बायका होत्या, चर्चचे पास्टर होते. बोर्डाचे सातही सदस्य पुढच्या टेबलामागे बसले. सुपरिटेंडेंट साहेबांनी पडद्यावर आकडे दाखवले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. ते त्याच काउंटीत वाढलेले, शांतपणे बोलणारे गृहस्थ होते. त्यांचं गणित सरळ होतं : गिरण्या बंद झाल्या, मॅथ्यू आणि फ्लॉरेन्स या दोन वादळांच्या पुरांनंतर कुटुंबं परतली नाहीत, काही मुलं चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर पण बोर्डाच्या बाहेर चालणाऱ्या शाळेत, गेली. पट अर्ध्यावर आला. पट गेला की राज्याचे पैसे जातात, पण इमारत तेवढीच राहते, बॉयलर तेवढाच राहतो, मुख्याध्यापिका एकच लागते. छपराची दुरुस्ती काउंटीला झेपणारी नव्हती. राज्याच्या लॉटरीच्या पैशातून गरीब काउंट्यांना नव्या इमारतीसाठी अनुदान मिळतं, ते घेऊन दोन-तीन जुन्या शाळा एकत्र करायच्या, असा प्रस्ताव होता.

इथवर कुणाचं फारसं काही म्हणणं नव्हतं. मग शेवटची स्लाइड आली. तिच्यावर फक्त आमच्या शाळेचं नाव आणि मोठ्या लाल अक्षरात ‘डी’.

जिममध्ये एकदम शांतता पसरली. माझ्या शेजारी बसलेल्या चौथीच्या बाईंनी मान खाली घातली. बावीस वर्षं त्या शाळेत शिकवलेली बाई आहे ती.

ही अक्षरं राज्य २०१३-१४ या वर्षापासून देतंय. १०० पैकी ८५ पासून वर ‘ए’, मग १५-१५ गुणांची उतरंड, ४० ते ५४ म्हणजे ‘डी’. यातले ८० टक्के गुण मुलं परीक्षेत कोणत्या पातळीला आहेत यावर, आणि फक्त २० टक्के गुण वर्षभरात त्यांनी किती मजल मारली यावर. आमच्या शाळेला त्या प्रगतीच्या मोजणीत ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ असा शेरा होता. तो त्या स्लाइडवर नव्हता. पुढच्या स्लाइडवरही नव्हता.

नंतर लोकांची पाळी आली. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर टायमर. बहुतेक जण बसच्या वेळेबद्दल बोलले, लहान मुलांनी अंधारात बसची वाट पाहायची का, असं विचारलं. मग एक वयस्क कृष्णवर्णीय आजी काठी टेकत माइकपाशी आल्या. त्या म्हणाल्या, याच जागेवर आधी रोझेनवाल्ड शाळा होती.

सीअर्स या मोठ्या दुकानदारी कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड आणि कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या योजनेतून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी हजारो शाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या सर्वांत जास्त, आठशेहून अधिक इमारती, नॉर्थ कॅरोलिनात. पैसे पूर्ण मिळत नसत. गावाने आपला वाटा घालायचा, ही अटच होती. आजींच्या आजोबांनी लाकूड दिलं होतं, बायकांनी चर्चमध्ये जेवणं विकून पैसे जमवले होते. हे ऐकताना मला आमच्या साताऱ्याकडच्या गोष्टी आठवल्या. १९१९ मध्ये कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली, तो काळही हाच, आणि गावाने जमीन द्यायची, श्रमदान करायचं, ही रीतही हीच. माझ्या पणजोबांनी वसतिगृहासाठी जोंधळा दिल्याचं आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. आजी म्हणाल्या, ‘‘गोरी आणि काळी मुलं एकत्र केली तेव्हा आमच्या शाळा बंद झाल्या, त्यांच्या नाही. ही एक जागा तेवढी राहिली. आता ‘डी’ म्हणून तीही काढून घेताय. हे अक्षर कुणाला दिलंय, ते तरी सांगा.’’ टायमर वाजला, पण अध्यक्षांनी तो बंद करायला लावला.

माझं नाव यादीत खाली होतं. परकी बाई, तात्पुरती नोकरी, बोलावं की नाही असं दुपारपर्यंत मनात होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, ‘‘मिस, तुमच्याकडे प्रगतीच्या आकड्यांचे कागद आहेत. बोला.’’ मी आदल्या वर्षीच्या एका मुलाबद्दल सांगितलं, अर्थात नाव न घेता. पाचवीत आला तेव्हा त्याला हातचा घेऊन वजाबाकी येत नव्हती. दोन वर्षांत तीन शाळा बदललेला, पुरानंतर कुटुंब नातेवाइकांच्या ट्रेलरमध्ये राहत होतं. मे महिन्यात तो अपूर्णांकांची बेरीज करत होता, छेद समान करून. तरीही राज्याच्या परीक्षेत तो पात्र पातळीच्या जरा खालीच राहिला. ८० टक्क्यांच्या हिशेबात तो शून्य. एका वर्षात तीन वर्षांचा अभ्यास भरून काढणारा मुलगा शून्य, आणि घरी सगळं असलेला, वर्षभरात जागचा न हललेला मुलगा पूर्ण गुण. मी म्हटलं, या काउंटीत ज्या शाळांत गरीब मुलं जास्त त्यांना ‘डी’ आणि ‘एफ’, जिथे कमी तिथे ‘बी’. हा तक्ता कुणीही घरी बसून काढून पाहावा. पैसे नाहीत म्हणून शाळा बंद करायची असेल तर पैसे नाहीत असं सांगा. या शाळेत शिकवलं जात नाही असं मात्र मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना सांगू नका, कारण ते खरं नाही.

माझा आवाज कापत होता. तीन मिनिटं पुरली.

सुनावणी संपल्यावर बोर्डाच्या एका सदस्या माझ्याकडे आल्या. निवृत्त परिचारिका. त्यांनी विचारलं, ‘‘हा प्रगतीचा आकडा आम्हाला कुणी दाखवतच नाही. कुठे मिळतो?’’ मी गेल्या तीन वर्षांचे सगळे कागद त्यांच्या हातात दिले. सार्वजनिक माहितीच आहे ती, फक्त अक्षरामागे दडलेली.

गाडीत बसून मी बाबांना फोन लावला. साताऱ्यात सकाळचे साडेसहा-सात वाजले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत, उमेदीची वर्षं जावळी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर काढलेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘पट किती?’’

‘‘दीडशेच्या आत.’’

‘‘दीडशे? अगं, आमच्याकडे डोंगरात ती भरलेली शाळा.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं, ते आमच्याकडे चाललंच आहे की.’’ २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत मिसळण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. बाबांनी तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र मला वाचून दाखवलं होतं. त्यात त्यांनी ओढ्याच्या पलीकडून येणाऱ्या मुलींची गावं एकेक करून लिहिली होती, आणि पावसाळ्यात त्या ओढ्याला किती दिवस पाणी असतं तेही.

बोर्डाचं मतदान पुढच्या महिन्यात झालं. चार विरुद्ध तीन मतांनी शाळा बंद करायचं ठरलं. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मुलांचा विचार केला तर छप्पर दुरुस्त करून, जवळच्या शाळेबरोबर एकच मुख्याध्यापिका ठेवून ती इमारत तिसरीपर्यंत तरी चालवता आली असती, असं माझं ठाम मत आहे. पण त्याच ठरावात त्या परिचारिका बाईंनी दोन गोष्टी घालून घेतल्या. प्राथमिकच्या कुठल्याही मुलाचा बसप्रवास एका बाजूने एका तासाच्या वर जाऊ नये. आणि यापुढे सुपरिटेंडेंट कार्यालयाने शाळेचं अक्षर बोर्डासमोर ठेवताना त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, प्रगतीचा शेराही छापावा. ऑगस्टपासून आमची पाचवी नव्या शाळेत भरते. बस आजही पहिलीच्या मदतनीस बाईच चालवतात, आता पंचावन्न मिनिटांची फेरी.