गुडमुंडुरची मुले

आइसलँडबाहेर तयार झालेला एखादा चरित्रकोश उघडून ‘गुडमुंडसन’ या नावापाशी थांबले, तर तिथे एकाखाली एक अशी भलीमोठी रांग लागलेली दिसते. कवी, कादंबरीकार, चित्रकार, फुटबॉलपटू, बास्केटबॉलपटू, हँडबॉलचा प्रशिक्षक, देशाचा अर्थमंत्री असे सगळे त्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि पाहणाऱ्याला वाटते, काय हे घराणे! आपल्याकडच्या वाचकाला तर हे वाटणारच, कारण आडनाव कळले की गाव कोणते, कूळ कोणते आणि अमक्यांचे तुम्ही कोण, हे प्रश्न आपल्या जिभेवर आपोआप येतात. या रांगेतल्या माणसांना मात्र तसे काही विचारण्यात अर्थ नसतो. त्यांच्यात समान एवढेच की प्रत्येकाच्या वडिलांचे नाव गुडमुंडुर होते आणि ते गुडमुंडुरही बहुधा एकमेकांचे कोणी नव्हते.

खुद्द आइसलँडमध्ये ही रांग लागतच नाही. तिथे माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखतात, त्याच नावाने हाक मारतात आणि याद्यांमध्येही त्याच नावाच्या अक्षराखाली लावतात. टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी छापली जात होती, तेव्हा तीसुद्धा पहिल्या नावांच्या क्रमाने असे आणि एकाच नावाची बरीच माणसे आली, तर पुढे दिलेल्या व्यवसायावरून हवा तो माणूस हुडकायचा असे. राष्ट्राध्यक्षांचा उल्लेखही लोक पहिल्या नावानेच करतात आणि त्यात सलगी किंवा अनादर कोणालाच दिसत नाही. गुडमुंडसन हे त्यांच्या लेखी वडिलांविषयी पुरवलेली एक माहिती आहे, आणि निव्वळ वडिलांच्या नावावरून माणसे एका फडताळात ठेवण्याचा खटाटोप परक्यांचा आहे. तरीही परक्यांनीच लावलेली ही रांग मला वाचायला आवडते, कारण तिच्यात माणसे इतक्या अजब रीतीने शेजारी येतात की कोणी मुद्दाम ठरवूनही ती तशी बसवली नसती.

टोमास गुडमुंडसन आणि क्रिस्टमान गुडमुंडसन यांचेच पाहा. दोघेही लेखक, दोघांचाही जन्म 1901 सालचा आणि मृत्यू 1983 सालचा. हे दोघे भाऊ नव्हते, असे कोशकाराने मुद्दाम सांगावे, इतके हे जुळते. टोमास हा रेक्याविकचा कवी. आइसलँडच्या काव्याला डोंगर, धबधबे आणि गाथांमधल्या वीरांची सवय होती. त्याने राजधानीचे रस्ते, बंदर आणि संध्याकाळी फिरायला निघालेली माणसे कवितेत आणली. शहराच्या मधोमध असलेल्या त्योर्निन तळ्याच्या काठी एका बाकावर त्याचा कांस्यपुतळा निवांत बसलेला आहे आणि शिल्पकाराने शेजारी जागा मोकळी सोडली असल्यामुळे येणारा-जाणारा त्याच्याजवळ बसून छायाचित्र काढून घेतो. पुतळ्याला चौथऱ्यावर चढवण्याऐवजी त्याच्याशेजारी माणसाला बसू देणे, हे लहान देशांनाच सुचते की काय कोण जाणे. क्रिस्टमानने याच्या नेमके उलट केले. तो तरुणपणी नॉर्वेला गेला, नॉर्वेजियन भाषेत कादंबऱ्या लिहून नावाजला आणि बऱ्याच वर्षांनी मायदेशी परतला. एक घरच्या गल्लीत रमला, दुसरा परक्या भाषेत. कोशात मात्र ते एकमेकांना चिकटून आहेत.

सिगुर्डुर गुडमुंडसन या नावाचे दोन कलावंत आहेत. पहिला जन्मला 1833 साली आणि एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने देशाचा पोशाख आणि देशाचे वस्तुसंग्रहालय या दोन्ही गोष्टी मार्गी लावल्या. आइसलँडच्या स्त्रिया समारंभात जो उंच पांढऱ्या शिरोभूषणाचा पोशाख घालतात, तो या चित्रकाराने आखून दिलेला आहे. आणि 1863 साली ज्या पुराणवस्तूंच्या संग्रहातून पुढे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले, तो सुरू करण्यामागेही त्याचाच ध्यास होता. दुसरा सिगुर्डुर गुडमुंडसन 1942 सालचा. त्याची ओळख परंपरा मोडणाऱ्या कलावंतांच्या पिढीतला म्हणून आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या ड्यूपिवोगुर नावाच्या छोट्या गावात, समुद्राला लागून, त्याने 2009 साली दगडाची 34 प्रचंड अंडी काँक्रीटच्या खांबांवर रांगेने मांडली. त्या परिसरात घरटी करणाऱ्या 34 जातींच्या पक्ष्यांची ही अंडी आहेत. प्रत्येकाचा आकार आणि ठेवण त्या त्या पक्ष्याच्या अंड्याबरहुकूम, आणि सर्वांत मोठे अंडे ज्या पाणपक्ष्याचे, त्याला गावाने आपला पक्षी मानले आहे. पहिल्याने राष्ट्राला पोशाख दिला, दुसऱ्याने पाखरांची अंडी दगडात घडवली. आपल्याकडे अशा दोघांना एकाच घराण्याचे ठरवून एव्हाना कोणी त्यांची वंशावळही काढली असती.

काही वेळा मुलाचे नाव आणि वडिलांचे नाव एकच निघते. मग गुडमुंडुर गुडमुंडसन असा दुहेरी नावाचा माणूस तयार होतो, आणि असेही दोघे प्रसिद्ध आहेत. एक हँडबॉलचा प्रशिक्षक, ज्याच्या हाताखाली आइसलँडने 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले आणि ज्याने आठ वर्षांनी रिओमध्ये डेन्मार्कला सुवर्णपदक मिळवून दिले. दुसरा चित्रकार. त्याला मात्र या नावाने फारसे कोणी ओळखत नाही, कारण त्याने चित्रांवर सही करण्यासाठी आधी फेरो असे नाव घेतले आणि पुढे त्यावरून कायदेशीर अडचण उभी राहिल्यावर पहिले अक्षर गाळून तो एरो झाला. त्याचे वडील, म्हणजे मूळचे गुडमुंडुर, हेही कलावंतच होते. ते गुडमुंडुर आयनार्सन; पण देश त्यांना ओळखतो तो ‘मिदडालुरचे गुडमुंडुर’ म्हणून, त्यांच्या शेतवाडीच्या नावाने. नावे थोडी आणि माणसे पुष्कळ असली की कोणी गावाचा आधार घेतो, कोणी दुसरे नाव जोडतो, कोणी धंद्याचे नाव लावतो आणि कोणी सरळ नवेच नाव करून घेतो. पेटुर गुडमुंडसनला असे काही करण्याची गरज पडली नसावी. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत 1981 साली उतरलेला हा पहिला आइसलँडर 218 सेंटिमीटर उंच होता. तो कोणता पेटुर, हे लांबूनच दिसत असणार.

या रांगेत बायका दिसत नाहीत, याचे कारण उघड आहे. गुडमुंडुरच्या मुली गुडमुंडस्डॉटिर होतात आणि कोशात थोड्या अंतरावर बसतात. लग्नानंतरही त्यांचे नाव बदलत नाही, कारण लग्न झाले म्हणून वडील बदलत नाहीत. त्यामुळे आई, वडील, मुलगा आणि मुलगी अशा चौकोनी कुटुंबात चौघांची शेवटची नावे चार निघू शकतात. गुडमुंडुरच्या मुलींमधली जगभर पोहोचलेली मुलगी म्हणजे गायिका ब्योर्क. तिचे एकशब्दी नाव ऐकून रंगमंचासाठी घेतलेले ते एखादे झोकदार नाव असावे, असा बाहेरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तिच्या देशात कोणत्याही शेजारणीला जसे पहिल्या नावाने ओळखतात, तसेच हे आहे. तिचे वडील गुडमुंडुर गुन्नार्सन वीजतंत्रींच्या कामगार संघटनेचे नेते होते. आणि ब्योर्कची मुलगी इसाडोरा ही आपल्या नावात ब्यार्कर्डॉटिर, म्हणजे ब्योर्कची मुलगी, असे लावते.

आईचे नाव लावण्याची ही मुभा तिथे जुनीच आहे. दोन्ही नावे लावणारेही आहेत. रेक्याविकचे महापौरपद बरीच वर्षे सांभाळलेले डागुर बेर्गथोरुसन एग्गर्टसन यांच्या नावात आधी आई आहे आणि मग वडील. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे ठरले, तेव्हा डागुर यांची मला आठवण झाली. फरक एवढाच की आपण तीन नावे लिहूनही शेवटी आडनाव ठेवतोच. जुन्या मोडी कागदांत ‘अमका बिन तमका’ असे लिहून भागत असे, त्याच्या जवळ जाणारी ही आइसलँडची रीत आहे. तिथे 1925 च्या कायद्याने नवी घराण्याची नावे घ्यायला बंदीच घातली. त्याआधी डॅनिश वळणाची आडनावे घ्यायची हौस काही घरांत शिरली होती. ज्यांनी तोवर घेतली त्यांची राहिली, बाकीच्यांसाठी दार बंद झाले.

आता हा गुडमुंडुर कोण, असे विचारले तर इतिहास एका बिशपकडे बोट दाखवतो. गुडमुंडुर आरासन हा 1203 पासून 1237 पर्यंत उत्तरेतल्या होलारचा बिशप होता. सरदारांशी भांडण्यात त्याचे बरेच आयुष्य गेले, पण लोकांनी लक्षात ठेवला तो झरे आणि विहिरी पवित्र करत हिंडणारा भला माणूस. द्रांगेय बेटाच्या कड्यांवर पक्षी पकडताना माणसे मरत, म्हणून तो दोराला लटकून कडे पवित्र करत उतरू लागला, तेव्हा खडकातून एक हात सुरी घेऊन बाहेर आला आणि दोर कापू लागला. आतून आवाज आला, “आता पुरे, दुष्टांनाही कुठेतरी राहायला जागा हवी.” बिशपला ते पटले आणि त्याने कड्याचा एक भाग तसाच सोडून दिला, अशी ही कथा आहे. गुडमुंडुरचे घरगुती रूप ग्वेंडुर. रेक्याविकला 1909 पासून ज्या झऱ्यांचे पाणी येते, त्यांना ग्वेंडुरच्या विहिरी म्हणतात. म्हणजे तळ्याकाठचा टोमास काय आणि ब्योर्क काय, राजधानीत राहिलेली गुडमुंडुरची मुले पाणी प्यायली ते याच गुडमुंडुरच्या विहिरींचे.

या रांगेतला माझा सर्वांत आवडता माणूस आहे अल्बर्ट गुडमुंडसन. 1923 साली जन्मलेला हा आइसलँडचा पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू. रेंजर्स, आर्सेनल आणि एसी मिलान या क्लबांकडून तो खेळला, मग घरी परतून व्यापारात आणि राजकारणात शिरला. 1980 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभा राहून तो हरला. ती निवडणूक विगदीस फिनबोगाडॉटिर यांनी जिंकली आणि लोकांनी निवडून दिलेल्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष ठरल्या, त्यामुळे हरण्यालाही इतिहासात जागा मिळाली. 1983 मध्ये तो अर्थमंत्री झाला. रेक्याविकमध्ये 1924 पासून कुत्रे पाळायला बंदी होती आणि या अर्थमंत्र्याने लूसी नावाची कुत्री पाळलेली होती. प्रकरण अंगाशी आले, तेव्हा कुत्रीला सोडण्यापेक्षा मी देश सोडेन, असे त्याने सांगून टाकले. तिजोरी सांभाळणारा माणूस एका कुत्रीपायी देशांतराची भाषा करतो, हे मला त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा अधिक भावते.

त्याचा मुलगा इंगी ब्योर्न अल्बर्टसन फुटबॉल खेळला आणि पुढे खासदारही झाला. नाव सांगितल्याशिवाय बाप-लेक कळणार नाहीत, कारण एक गुडमुंडसन आणि दुसरा अल्बर्टसन. इंगीची मुलगी क्रिस्टब्योर्ग इंगाडॉटिर, हीसुद्धा फुटबॉलपटू. तीन पिढ्या, तीन वेगळी नावे, आणि अल्बर्टचे गुडमुंडसन हे नाव तर पहिल्याच पिढीत संपलेले. आडनावांच्या देशात अशा घराची कीर्ती नावाला चिकटून पुढे सरकत राहते. इथे दर पिढीला पाटी कोरी होते.

पुढे क्रिस्टब्योर्गचा संसार गुडमुंडुर बेनेडिक्टसन या फुटबॉलपटूशी जुळला, आणि 1997 साली जन्मलेल्या मुलाला पणजोबांचे नाव ठेवले गेले. तो अल्बर्ट आणि वडील गुडमुंडुर, म्हणून अल्बर्ट गुडमुंडसन! पणजोबांचे पूर्ण नाव, मुलगा आणि नात यांच्या बाजूने येऊन, अक्षर न बदलता परतले. त्याला कारण मात्र नातजावयाचे नाव, आणि तेही योगायोगाने जुळलेले. हा नातजावई म्हणजे जगाला ठाऊक असलेला गुम्मी बेन. 2016 च्या युरो स्पर्धेत ऑस्ट्रियाविरुद्ध अखेरच्या क्षणी आइसलँडने गोल केला, तेव्हा ज्याच्या चिरक्या, बेभान ओरडण्याची ध्वनिफीत देशोदेशी फिरली, तो समालोचक हाच.

त्यानंतर दोन वर्षांनी रशियात झालेल्या विश्वचषकासाठी आइसलँडने 23 जण निवडले. त्यातल्या 22 जणांच्या नावांचा शेवट ‘सन’ने होत होता, आणि गुडमुंडसन दोघे होते. एक बर्नलीकडून खेळणारा योहान बेर्ग, आणि दुसरा हा धाकटा अल्बर्ट. पुढे तो इटलीत जेनोआ आणि फिओरेंटिनासाठी खेळू लागला, म्हणजे पणजोबा ज्या देशात मिलानकडून खेळले त्याच देशात. तिथल्या एखाद्या जुन्या फुटबॉलवेड्याला त्याच्या पाठीवरचे नाव वाचून ते पणजोबांकडून आले असेच वाटेल. पणजोबांचे त्यात फक्त अल्बर्ट. पाठीवर छापलेले गुडमुंडसन आले आहे ते माइकवर ओरडणाऱ्या गुम्मीकडून.