आमची वाटचाल : मचूळ विहिरींच्या काठाने

रत्नागिरीत बाबांचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळलेल्या पंपाची वाइंडिंग काढायची, नवी तार भरायची, वार्निश मारून सुकवायचं. शाळेतून आल्यावर मी तेच करत मोठा झालो. उन्हाळ्यात दुरुस्तीला आलेले खाडीकाठचे पंप लांबूनच ओळखता यायचे. इंपेलर खाल्लेला, शाफ्टवर मिठाची पुटं. असाच एक पंप घेऊन आलेले एक आजोबा बाबांना म्हणाले, "पंप तू बरा करतोस रे, पण त्यातून येणारं पाणी तोंडात धरवत नाही, त्याचं काय?" त्या वाक्यापासून आमचा धंदा पंपदुरुस्तीकडून खारं पाणी गोडं करण्याकडे बदलायला लागला.

आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर येतो. इथला जांभा दगड भोकाभोकांचा, पाणी धरून ठेवत नाही, ते उतारावरून खाडीला मिळतं. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी थोडं जड. हे वजनातलं अंतर इतकं बारीक आहे, की समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० फूट खोलीपर्यंत गोडं पाणी राहतं. उलटही तेवढंच खरं. उपसून पातळी फूटभर उतरवली की खालून खारं पाणी कित्येक फूट वर येऊ लागतं. म्हणून आजही आमचा पहिला सल्ला मशीनचा नसतो. विहिरीवर मोठा पंप लावून सलग सहा तास उपसू नका, छोटा पंप थांबूनथांबून चालवा, एवढंच आम्ही आधी सांगतो.

पहिला आरओ प्लांट, म्हणजे पाणी दाबाने मेंब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवणारं यंत्र, जयगड खाडीच्या काठच्या एका वाडीत बसवला. विहिरीचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) २८००, बाहेर पडणारं पाणी ८०चं. वाडीतल्या एका काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की किती वर्षांनी तूरडाळ नीट शिजली. त्या रात्री मला झोप लागली नाही. चार महिन्यांत तेच पाणी ६००वर गेलं.

मेंब्रेन उघडून पाहिलं तर गाळ नाही, क्षार नाही, वरून सगळं स्वच्छ. मग वाडीत विचारत फिरलो. पावसाळा लागला तशी विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर टाकली होती, दरवर्षी टाकतात तशीच, आणि ते बरोबरच होतं. चूक आमची. मेंब्रेनमध्ये मीठ अडवणारा थर पॉलिअमाइडचा असतो. तो इतका पातळ, की असे काही शे थर एकावर एक रचले तरी केसाएवढी जाडी होईल न होईल. त्याच्याखाली आधाराला पॉलिसल्फोन, त्याखाली कापड. क्लोरीन नेमका त्या वरच्या थरालाच खातो. विहिरीत क्लोरीन नसतो असं धरून आम्ही तो काढण्याची सोय ठेवलीच नव्हती. मेंब्रेन स्वखर्चाने बदलून दिलं. वर्षभराचा नफा त्यात गेला. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "बदलून दिलंस ना? मग झालं."

तेव्हापासून प्रत्येक प्लांटवर क्लोरीन मारणाऱ्या मेटाबायसल्फाइटचं डोसिंग असतं आणि चालवणाऱ्याला रोज क्लोरीन उरलाय का हे दाखवणारी ओटी टेस्ट करावी लागते. मेंब्रेनमध्ये जाणाऱ्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळी झाक आली तर मशीन बंद. लोह हा दुसरा शत्रू. बोअरचं पाणी काढलं तेव्हा नितळ असतं, हवा लागली की तांबूस होतं. ते आधी उघड्यावर पाडून वाळूच्या फिल्टरमधून घेतलं नाही तर मेंब्रेनवर तांबडी साय धरते. मग सायट्रिक ॲसिडने धुवत बसावं लागतं. गिऱ्हाईक येतं ते मेंब्रेन कुठल्या कंपनीचं हे विचारत. मी त्याला आधी वाळूचा फिल्टर दाखवतो.

१९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे भारतातले श्रीनिवास सौरीराजन यांनी भराभर पाणी सोडणारं पहिलं मेंब्रेन बनवलं. आमच्या वर्कशॉपच्या फळ्यावर ही दोन नावं लिहून ठेवली आहेत. नव्या पोराला पहिल्या दिवशी ती सांगतो.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगडकडे खांब आडवे, वीज नाही, फोन नाही. त्या भागात आमचे दोन प्लांट होते. पाणी तुंबून राहिलं की मेंब्रेनवर जीवाणूंचा चिकट थर धरतो, आणि उन्हाळ्यात तर लवकरच. तिथे पोचायला आम्हाला सतरा दिवस लागले. एका प्लांटचं मेंब्रेन गेलं होतं. दुसरा बचतगटातल्या एक ताई चालवायच्या. त्यांच्या घराची निम्मी कौलं उडालेली. तरी दर दोन दिवसांनी त्या येऊन वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायच्या आणि शुद्ध पाणी मेंब्रेनमधून नुसतं वाहू द्यायच्या. वहीत तारीखवार नोंद होती: "लाईट नाही. धुतले." ती वही आज आमच्या ऑफिसात आहे, त्यांना नवी दिली. आमच्या कामात इतकी मोलाची दुसरी वस्तू माझ्याकडे नाही.

समुद्राच्या पाण्याचा प्लांट एकच केला, एका बर्फाच्या कारखान्यासाठी. मचूळ पाण्याला चौरस सेंटिमीटरला १०-१५ किलो प्रेशर पुरतं, समुद्राला ५५ ते ६०. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात. ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या जोडांना वर्षात खड्डे पडले, खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं डुप्लेक्स स्टील घालावं लागलं. वीज हजार लिटरला सहा-सात युनिट. मोठ्या प्लांटमध्ये उरलेल्या खाऱ्या पाण्याचं प्रेशर परत वापरतात आणि काम तीन-चार युनिटांत होतं. समुद्राच्या पाण्यातलं निम्मं गोडं करून काढायचं तर निसर्गनियमाने हजार लिटरला साधारण एक युनिट लागणारच, त्याखाली कोणीच जाऊ शकत नाही. म्हणून कोणी बंगल्यासाठी समुद्राचा प्लांट मागायला आलं तर मी आधी छप्पर विचारतो. ५०० चौरस फूट कौलांवर पावसाळ्यात सव्वा लाख लिटरच्या वर पाणी पडतं. टाकी बांधा म्हणतो. या सल्ल्यापायी ऑर्डरी गेल्या, जाऊ देत.

रिजेक्टचं, म्हणजे मेंब्रेनने मागे ठेवलेलं जास्त खारं पाणी मात्र अजून छळतं. दहा लिटरांतून सहा गोडे काढले की उरलेल्या चारांत सगळं मीठ. ते शोषखड्ड्यात सोडलं तर फिरून त्याच विहिरीत. एका गावात आम्हीच ते केलं होतं, खड्डा बुजवून पाइप खाडीपर्यंत नेला. आता ओहोटी लागल्यावरच ते सोडतो. काही ठिकाणी होड्या धुवायला, संडासाला वापरतात.

आज आम्ही सात जण आहोत. नव्या गावाला भाव सांगण्याआधी विहीर वर्षभर मोजतो, उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि भांगाला (छोट्या भरतीच्या दिवसांत), भरतीला आणि सुकतीला. नोव्हेंबरात ९०० टीडीएस दाखवणारी विहीर मेमध्ये ४०००वर गेलेली आम्ही पाहिली आहे. सध्या गुहागर तालुक्यातली एक विहीर मोजतोय. सरपंच घाई करताहेत आणि त्यांचं चूक नाही, बायाबापड्यांना हंडे वाहावे लागताहेत. तोवर पावसाच्या पाण्याची टाकी बांधून दिली आहे. वैशाखी अमावास्येचं उधाण तेवढं राहिलंय. त्या रात्री मीटर घेऊन मी स्वतः जाणार आहे.