कॅरम बोर्डावरचा शनिवार

दर शनिवारी चार ते सहा आमचं टेबल म्हणजे मंडळाचा कॅरम बोर्ड. कुर्ल्यात मखर नि ढोल-ताशे ठेवायची एक खोली आहे, तिथे दोन स्टुलांवर बोर्ड टाकायचा आणि बसायचं. कितीही पुसला तरी पावडर राहतेच. लोकांचे कागद सुळकन घसरतात आणि माझी काळी पर्स आता करडी झालीय.

बसणारे आम्ही तिघं. मी बँकेतून निवृत्त. दुसरे बेस्टचे कंडक्टर, धारावीत आयुष्य गेल्याने तमिळ झकास बोलतात. तिसरी लॉची पोरगी, तिला उर्दू वाचता येतं. पैसे घेत नाही, वकिली करत नाही. कागद वाचून सांगतो, अर्ज भरतो, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगतो.

येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पिशवी असते. साडीच्या दुकानाची, मेडिकलची. तिच्यात लाइट बिलापासून सासऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळं. मी आधी ती रिकामी करायला लावते, कारण माणूस सांगतो एक आणि पिशवीत निघतं दुसरंच.

एका खालांचं असंच झालं. त्या आल्या होत्या आधार कार्डावरचं नाव दुरुस्त करायला. पिशवीच्या तळाशी चार घड्या घातलेलं बक्षीसपत्र निघालं. खोली मुलाच्या नावावर. ‘मेरेकू देखेगा बोला था,’ एवढंच म्हणाल्या. जेवण आता शेजारीण देते. पोरीने कागद शांतपणे वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर. त्या ओळीने मला हायसं वाटलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्याकडे, करायचा. शिवाय बाईमाणसाला सरकारी मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नसते. १५१०० वर फोन करायचा. हे ऐकून खाला खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘उसको पोलीस पकडेगी क्या?’ नाही म्हटल्यावर अंगठा दिला.

बाकीची कामं मामुली. बिहारच्या एका भैयाला एजंटने सांगितलं होतं, गावचं रेशन कार्ड इथे चालत नाही, नवीन काढून देतो, तीन हजार दे. त्याचं कार्ड अन्नसुरक्षेतलं, आधारला जोडलेलं. मग कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून त्याला त्याच्या वाट्याचं धान्य मिळतं, गावाकडे बायको तिच्या वाट्याचं उचलू शकते. स्टॅम्प पेपरचंही तेच. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र लागलं तर त्यावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे, तरी कचेरीबाहेर लोकांना पाचशेचा पेपर घ्यायला लावतात. हे सांगितलं की लोक आधी आमच्याकडेच संशयाने बघतात. फुकटचा सल्ला ना!

माझीही चूक झालीय. पहिल्याच वर्षी एका विधवा बाईला मी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज छातीठोकपणे भरायला लावला. उत्पन्नाची मर्यादा तपासलीच नाही. कुटुंबाची वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेसतराशे! या मुंबईत एवढ्यात झोपडीचं भाडंही निघत नाही, हे मर्यादा ठरवणाऱ्यांना कोणी सांगावं? बाई धुण्याभांड्याचे त्याहून जास्त कमवत होत्या. अर्ज फेटाळला गेला, त्यांचे दोन खाडे झाले, एका घरचं काम सुटलं. मी माफी मागितली तर म्हणाल्या, ‘जाऊ द्या ताई, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं.’ ते वाक्य जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर मर्यादा लिहिलेल्या आहेत, लाल पेनने, आणि माहीत नसलं की सरळ ‘पुढच्या शनिवारी सांगते’ म्हणते.

सहा वाजता मंडळाची पोरं दारात येऊन उभी राहतात. ‘काकू, झालं का?’ मी पिशव्या भरून देते, ती बोर्डावर नवी पावडर टाकतात. खालांची तारीख बुधवारी आहे. कंडक्टरसाहेब सोबत जाणार आहेत. मुलगा आला तर त्याच्याशी बोलायचं काम खालांनी त्यांच्याकडे दिलंय. फक्त ओरडू नका, एवढी अट घातलीय.