होय, सुरुवात जंगलातच झाली

लग्नाच्या पंगतीत, प्रवासात, विद्यार्थ्यांच्या फोनवर, सगळीकडे एकच प्रश्न येतो : "पुरातत्त्वात शिरायचं तर जंगलातल्या हंगामी सर्वेक्षणापासून सुरुवात करावी का? पुढे नोकरी लागते का?" आजवर मी विषय बदलत आले. आता सरळ सांगते. मला नोकरी लागली नाही. एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात काम मिळत गेलं, तेही मानधनावर, आणि आजही तसंच चालू आहे. पण तेवढ्यावरून "म्हणजे चार महिने फिरायचं आणि आठ महिने घरी" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या आठ महिन्यांत खापरं धुणं, क्रमांक घालणं, रेखाटनं, अहवाल हे सगळं असतं, आणि त्याचे बहुतेकदा पैसे मिळत नाहीत.

विदर्भातली शिळावर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या दफनांभोवती मोठ्या दगडांची रचलेली वर्तुळं. नागपूर जिल्ह्यातल्या माहुरझरीचे तांब्याच्या साजासकट पुरलेले घोडे, नायकुंडची लोखंड गाळायची भट्टी, हे सगळं पाठ करूनच मी गेले होते. पुरातत्त्व म्हणजे उत्खनन, बाकी सगळी पूर्वतयारी, असं तेव्हा ठाम वाटायचं. पण उत्खननाला परवाना आणि पैसा लागतो. नवख्या पोरीच्या वाट्याला येते ती पायपीट. दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की काम सुरू होतं. खरी नजर बसते ती फाल्गुनात, साग उघडा पडला की. मोहफुलं वेचणाऱ्या बाया झाडाखालचा पाला झाडून जमीन लख्ख करतात आणि तिथेच काळी-तांबडी खापरं वर दिसतात. वर्तुळाचे दगड बहुतेक गाडलेले असतात, नुसते माथे वर. आतली भर काळ्या चिकट मातीची, ती उन्हात भेगाळते. बाहेरचा मुरूम भेगाळत नाही. हा फरक मला वर्गात कुणी दाखवला नव्हता. दाखवला तो आमच्यासोबतच्या वनमजूर काकांनी.

दुसऱ्या हंगामात त्याच काकांबरोबर एका टेकाडावर परत गेलो. आदल्या वर्षी तिथल्या वर्तुळांचे व्यास टेप लावून घेतले होते, टोपोशीटवर, म्हणजे उंचसखल जमीन दाखवणाऱ्या नकाशावर, खूण केली होती. एका दगडावर वाटीएवढे खळगे ओळीनं कोरलेले होते, नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांच्या दगडांवर आहेत तसे. त्यांचं नीट रेखाटन करायचं राहिलं होतं, म्हणून मुद्दाम पहाटे निघालो. काका पुढे होते. ते चढावरच थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमचे गोटे नेले जी."

टेकाडावर जेसीबीच्या दातांच्या खुणा होत्या. काळी माती आणि मुरूम एक झाला होता, चाकांच्या चाकोरीत खापरांचा चुरा. खाली नाल्यावर नवा बांध होता. खळग्यांचा दगड त्यातच सापडला, आडवा बसवलेला. दोनच खळगे दिसत होते, बाकी सिमेंटखाली. बांध मंजूर होता, गावाला पाणी हवंच होतं. जागा संरक्षित यादीत नव्हती, त्यामुळे तक्रार घ्यायलाही कुणी तयार होईना. आमचं सर्वेक्षण चालवणारे सर म्हणाले, "नोंद करा." मी विचारलं, कसली? "होतं त्याची. आणि आता नाही त्याची." त्या रात्री मी कॅम्पवर जेवले नाही. सरांचा इतका राग आला होता की दुसऱ्याच दिवशी घर गाठायचं ठरवलं होतं.

गेले नाही. आज त्या टेकाडाचं जे काही कळतं ते आमच्या वहीतल्या मापांवरूनच कळतं, म्हणून सरांचं बरोबर होतं असं मी विद्यार्थ्यांना सांगते. पण माझ्यातली तेव्हाची ती मुलगी ऐकत नाही. ती विचारते, माप उरलं म्हणून काय वाचलं? आत कोण पुरलेलं होतं, सोबत काय ठेवलं होतं, हे कोणत्या टेपनं मोजणार? तिच्यासमोर मी अजून निरुत्तर आहे. बांध बांधणाऱ्यांवर रागवावं का, हेही मला ठरवता आलेलं नाही. त्या गावात उन्हाळ्यात बाया किती लांबून पाणी आणायच्या ते मी पाहिलं आहे.

तर, यावं का? माझं उत्तर दर वर्षी बदलतं. यंदाचं असं : एक हंगाम या, पण घरभाड्याची सोय आधी करा, आणि मानधन किती, कधी मिळणार, हे निघण्यापूर्वी लेखी मागा. मागायला लाजू नका.