तुम्ही विचारलंत म्हणून: ओमानहून गॅसचा पाइप का येत नाही?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात मला 'पाइपवाले' म्हणतात. आयटीआय करून उद्यमनगरात दोन वर्षं घासली आणि मग समुद्रात पाइप टाकणाऱ्या बार्जवर गेलो. आधी वेल्डर, नंतर वेल्डिंग इन्स्पेक्टर, असा बावीस वर्षं पाण्यावर होतो. त्यामुळं सीएनजीचा दर वाढला किंवा आखातात काही पेटलं, की कुणीतरी विचारतंच, "मस्कत गुजरातपासून बाराशे-तेराशे किलोमीटर. कोल्हापूरहून दिल्ली त्याहून लांब. मग सरळ पाइप टाकून गॅस का आणत नाहीत? जहाजांना कशाला पैसे मोजायचे?"

परवा भाच्यानंही तेच विचारलं. त्याची शिरोली एमआयडीसीत फोर्जिंगची छोटी शेड आहे आणि भट्टी फर्नेस ऑइलवर चालते. "मामा, ते आखातातनं डायरेक्ट पाइप टाकणार म्हणत्यात. मग भट्टी आत्ताच गॅसवर आणू, का थांबू?" त्याला मिसळ खाता खाता जे सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडतो.

कोल्हापूरकरांना पाइपलाइनचं वेड शिकवावं लागत नाही. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनची वाट बघण्यात पिढ्या गेल्या. पन्नासेक किलोमीटरचं ते काम, २०२३च्या दिवाळीच्या तोंडावर पाणी शहरात आलं तेव्हा लोकांनी फटाके वाजवले. इथं तर बाराशे किलोमीटर, तेही समुद्राखालून. पण लांबीला घाबरू नका, लांबी हा त्यातला सोपा भाग आहे. रशिया ते जर्मनी बाल्टिक समुद्रातली वाहिनी १,२२४ किलोमीटरची होती आणि २०११ला चालू झाली. नॉर्वे ते इंग्लंड साधारण तेवढीच लांब वाहिनी त्याआधीच पडली होती. अवघड आहे ती खोली.

ओमान आणि गुजरातच्या मध्ये अरबी समुद्र ३,४०० मीटरपेक्षा खोल जातो. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी शेंडा पाण्याखालीच राहील. दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागं किलोभर दाब वाढतो, म्हणजे तळाशी साडेतीनशे किलोच्या घरात. अंगठ्याच्या नखावर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची म्हैस उभी केल्यासारखं. आणि हा दाब पाइपला चारी बाजूंनी, रात्रंदिवस, पन्नास वर्षं.

आता थोडा हिशेब, कारण उद्यमनगरातला माणूस हिशेबाशिवाय ऐकत नाही. उथळ समुद्रात आम्ही टाकायचो तसला छत्तीस इंची, एक इंच जाडीचा पोलादी पाइप घ्या. मीटरला वजन साधारण ५६० किलो. तो जेवढं पाणी बाजूला सारतो, त्याचं वजन ६७० किलो. म्हणजे एवढं पोलाद असूनही रिकामा पाइप तरंगतो! नव्या पोराला हे सांगितलं की तो हसायचा. म्हणून त्याच्यावर काँक्रीटचा जाड थर चढवतात, बुडावा म्हणून.

खोल समुद्रात उलटं होतं. दाबानं चेपू नये म्हणून पाइप लहान आणि जाड घ्यावा लागतो. आतून चोवीस इंच आणि जाडी चाळीस मिलिमीटर धरू. हा आपसूक बुडतो, पाण्यातसुद्धा मीटरला अडीचशे किलो भरतो. आणि टाकताना तो जहाजापासून तळापर्यंत लोंबकळत असतो. तीन हजार चारशे मीटर गुणिले अडीचशे, साडेआठशे टन. हे सगळं ओझं जहाजानं धरून ठेवायचं, लाटा येवोत की वारा. त्यात मध्येच पाइपला भोक पडून पाणी शिरलं, तर मीटरला आणखी तीनशे किलो. ओझं दुपटीच्या वर.

पाणी शिरणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. मुंबई हायच्या बाजूला, पंचाहत्तर मीटर पाण्यात. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. आपल्या किनाऱ्यावर पाइप टाकायचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस तोंडावर आला की संपतो. चाळीसेक जॉइंट, म्हणजे बारा-बारा मीटरचे पाइपचे तुकडे, राहिले होते आणि वरून रेटा होता, उरकून टाका. बार्जवर काम ओळीनं चालतं: पहिल्या ठाण्यावर फिटअप, म्हणजे तोंडाला तोंड जुळवणं, आणि रूट, मग हॉट पास, फिल, कॅप, असे वेल्डचे एकावर एक थर, मग तपासणी, मग जोडावर लेप. दर दहा-बारा मिनिटांनी भोंगा वाजतो, बार्ज नांगरांच्या दोरांवर स्वतःला बारा मीटर पुढं ओढते आणि मागच्या उतरत्या सांगाड्यावरून, त्याला स्टिंगर म्हणतात, एक जॉइंट पाण्यात जातो. त्या रात्री वारा फिरला, एक नांगर सुटला आणि बार्ज मागं सरकली. पाइप स्टिंगरच्या पुढं कमरेत वाकला. आत दोरावर ओढत नेतो ती मापाची चकती अडकली, म्हणजे कुठंतरी पाइप चेपला होता. पाच मिनिटांत ताणाचा काटा चढायला लागला. पाइपला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांतून तो सुटला आणि आमच्या डोळ्यांदेखत शेपटीसारखा सळसळत समुद्रात गेला. कुणी जखमी झालं नाही, हे नशीब. कॅप मारणारा आमचा इस्लामपूरचा गडी तेवढंच म्हणाला, "चार दिवसांची मजुरी गेली."

पाइप परत उचलला नोव्हेंबरात. पाणबुड्यांनी चेपलेला भाग कापला, पाणी काढलं, तोंड बांधून वर ओढलं. पंचाहत्तर मीटरला एक मोसम गेला. तीन हजार मीटरवर पाणबुड्या जात नाही, जातो तो यंत्रमानव.

म्हणून खोल पाइपला ठरावीक अंतरावर जाड कडी बसवतात. पाइप एकदा एका जागी चेपला, की ती चेप नुसत्या पाण्याच्या दाबानं दोन्ही बाजूंना किलोमीटरच्या किलोमीटर धावत सुटते. कडं आलं की थांबते. ऊस पायाखाली चेपला तर फूट पेरापाशी थांबते ना, तसंच. आणि पाइप गोल हवा, खरोखर गोल. जरा लंबगोल झाला की त्याची ताकद घटते. लेथवरच्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

१९९३ला भारत आणि ओमाननं या वाहिनीचा करार केला, तेव्हा एवढ्या खोलीवर असा पाइप टाकणं कुणालाच जमलेलं नव्हतं. दोन-तीन वर्षांत ते बारगळलं. पण तंत्र तिथंच थांबलं नाही. काळ्या समुद्राखालून रशिया-तुर्कस्तान वाहिनी साधारण २,१५० मीटरवरून गेली. अल्जीरिया-स्पेन वाहिनी तितक्याच खोलीवर, २०११ला. २०२०ला पुन्हा काळ्या समुद्रात बत्तीस इंची जोड-वाहिनी, २,२०० मीटरवर. आधीच्या दोन वाहिन्यांत खोल पाण्यात पाइप जवळजवळ उभा सोडला, इंग्रजी जे अक्षरासारखा. २०२०ची मात्र आमच्यासारखीच आडवी जोडून, एस करत टाकली. राहिलं हजार-बाराशे मीटरचं अंतर. माझं मत विचाराल तर हे जमण्यासारखं आहे. लाखाच्या वर जॉइंट, सिंधू नदीनं समुद्रात ओतलेल्या गाळाचा प्रचंड पंखा, भूकंपाचे भ्रंश, हे सगळं खरं. मकरान किनाऱ्यावर १९४५ला भूकंप होऊन त्सुनामी आली होती. पण हे इंजिनिअरांचे प्रश्न आहेत, आणि इंजिनिअरांच्या प्रश्नांना निदान उत्तर असतं.

मग अडलंय कुठं?

आपल्याकडं नदीवरून शेतात पाणी न्यायचं तर जॅकवेल आली, पंप आला, पाइप आला. पण खरी भांडणं दोनच: मधल्या वावरातून पाइप न्यायला तो माणूस हो म्हणतो का, आणि नदीत तुमच्या वाटचं पाणी आहे का. गॅसचंही तेच. इराणहून पाकिस्तानमार्गे जमिनीवरून आणायची वाहिनी कितीक वर्षं कागदावर होती. पाकिस्तानातून येणारा पाइप कुणाच्या भरवशावर, या प्रश्नापाशी आणि दरापाशी ती अडली. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या वाहिनीचं भूमिपूजन २०१५ला झालं, पण तिचा गॅस अजून भारतात पोचलेला नाही. समुद्राची वाट याच्यासाठी गोड. वळसा घालून मधल्या शेतकऱ्याला टाळता येतं आणि खोल समुद्रात वाहिनी टाकायचा हक्क सागरी कायदा सगळ्याच देशांना देतो.

राहिलं दुसरं भांडण. धरणात पाणी कुणाचं? दूधगंगेचं पाणी इचलकरंजीला न्यायला नदीकाठच्या गावांनी कसा विरोध केला, ते तुम्हाला माहीत आहे. ओमानकडं द्यायला गॅस आहे असं आपण गृहीत धरतो. ओमान २००० सालापासून द्रवरूप गॅस जहाजानं विकतो हे खरं, पण २००८पासून तोच ओमान समुद्रातल्या दुसऱ्या एका वाहिनीच्या मार्गानं कतारचा गॅस विकतही घेतो! म्हणजे मस्कतहून निघणाऱ्या पाइपात गॅस येणार कुठून, तर इराण किंवा कतार. इराणवर निर्बंध. कतारनं २००५ ते २०१७ आपल्या सगळ्यात मोठ्या साठ्यावर नवं काम थांबवून ठेवलं होतं. आणि ज्याच्याकडं जहाजांचा ताफा आहे, आज जपान, उद्या युरोप, परवा आपण असं जो विकू शकतो, तो पाइपनं स्वतःला एका गिऱ्हाइकाला का बांधून घेईल?

इथं मला एक आकडा महत्त्वाचा वाटतो. ओमान-भारत वाहिनीच्या नव्या आराखड्यात दिवसाला ३.१ कोटी घनमीटर गॅस येणार असं धरलंय. भारताची भूक त्याच्या सहापट आहे आणि जवळपास निम्मा गॅस आपण बाहेरूनच घेतो. आता कतारशी आपला जुना करार बघा, वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप गॅस. २०२४ला तो २०४८पर्यंत वाढवला. टनाचं घनमीटर करून तीनशे पासष्टनं भागा, दिवसाला २.८ कोटी येतात. म्हणजे जवळजवळ एक अख्खी पाइपलाइन आपल्याकडं आधीच येतेय, फक्त जहाजात बसून. उणे १६२ अंशांना गॅस सहाशेपटीनं आकसतो, म्हणून तो जहाजात मावतो. दहेजला उतरतो, पुन्हा गरम होतो आणि नळात जातो.

थंड करायला, वाहून आणायला, पुन्हा तापवायला खर्च येतो, पाइप तो वाचवतो. पण पाइपचे पैसे आधी मोजायचे, अब्जावधी डॉलर, आणि पंचवीस वर्षं गॅस उचला न उचला, बिल भरायचं. सोयरीकच ती. जहाज म्हणजे बाजारातली खरेदी. २०२०च्या उन्हाळ्यात खुल्या बाजारात हा गॅस एका एमएमबीटीयूला (गॅस विकायचं माप) दोन डॉलरच्या आसपास मिळत होता. २०२२मध्ये तोच पन्नासच्या वर गेला आणि ठरलेली काही जहाजंसुद्धा आपल्याकडं आली नाहीत. तेव्हा सगळे म्हणाले, पाइप असता तर! त्याच वर्षी सप्टेंबरात बाल्टिकमधल्या वाहिन्या कुणीतरी स्फोटानं फोडल्या. त्यांचं प्रत्येक वेल्ड तपासलेलं होतं.

पाइपवाल्यानं पाइपची बाजू घ्यायला हवी, पण मला नाही वाटत माझ्या हयातीत तो येईल. टाकता येत नाही म्हणून नव्हे. त्या टोकाला पंचवीस वर्षं हात धरून बसणारा सोयरा दिसत नाही म्हणून. दाभोळला जहाजातला गॅस उतरवायच्या धक्क्याला लाटा अडवायची भिंत पुरी नसल्यानं तिथं कितीक पावसाळे जहाजं लागत नव्हती. ओमानच्या पाइपपेक्षा मला असल्या भिंतींची काळजी जास्त.

भाच्यानं हे सगळं ऐकलं, कट संपवला आणि म्हणाला, "ते झालं मामा. भट्टीचं काय?"

मी सांगितलं, गॅस आणि तेल दोन्हीवर चालेल असा बर्नर बघ. थोडा महाग पडेल. त्यानं लगेच फोन काढून उद्यमनगरातल्या त्याच्या माणसाला लावला. किंमत ऐकून "आयला" म्हणाला आणि माझ्या मिसळीचे पैसेही मलाच द्यायला लावले.